उंबऱ्याच्या आतला धूर

पंचांनी तीनदा नळी बदलली आणि तीनदा अंजूला फुंकायला लावलं. तिन्ही वेळा पडद्यावर तेच आलं. फुप्फुसांचं वय : एकतीस. धूम्र-अंश : आहे.

अंजूचं स्वतःचं वय अठरा होतं.

सांगलीच्या क्रीडासंकुलात राज्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड चालली होती. पडदा भिंतीएवढा होता, त्यामुळे ज्याला वाचता येत होतं त्या प्रत्येकानं ते वाचलं. 'पोरगी ओढते' हे दोन शब्द पहिल्या बाकावरून दुसऱ्या बाकावर गेले आणि तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांना पाय फुटले. कधीपासून, कुणाच्या संगतीनं, घरच्यांना माहीत आहे का, अशी चौकशी सुरू झाली.

धनाजी शेवाळे उठला तो थेट मशीनवरच धावून गेला. तो अंजूचा बाप आणि तोच तिचा प्रशिक्षक. पलूसच्या ज्योतिर्लिंग क्रीडा मंडळात गेली वीस वर्षं तो पोरं घडवत होता.

"मशीन बिघडलंय तुमचं! माझी पोरगी हाय ती. तिला साधी सुपारी म्हाईत न्हाई!"

"सर, मशीन सकाळपासून चाळीस मुलींना बरोबर चाललंय," पंच नरमाईनं म्हणाले. "शुक्रवारी पाचला यादी लागेल. तोवर हरकत घेता येते. नाही घेतली, तर नियमानं दोन वर्षं बंदी."

"अण्णा, चला," अंजू मागून म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता आणि धनाजीला नेमका तोच खुपला.

खरं तर हे मशीन आलं होतं भांडणं मिटवायला. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं. मध्येच श्वास आत घेतला की दम गेला, गडी बाद. पण दम गेला की नाही हे ठरवायचं कुणी? तर पंचाच्या कानानं. या कानापायी गावोगाव डोकी फुटली होती. शेवटी कराडकडच्या एका पंचाच्या मुलीनं, जिच्या बापाच्या कपाळावर अशाच एका निर्णयाचे पाच टाके होते, गळ्याला चिकटवायची बटणाएवढी चकती बनवली. हवा आत चालली आहे की बाहेर, हे चकतीला कळायचं. लोकांनी तिला दममापी नाव दिलं आणि मारामाऱ्या थांबल्या.

पण यंत्राला एकदा ऐकायला शिकवलं की ते नको तेही ऐकतं. चकतीच्या पाठोपाठ फुंकायची नळी आली. माणूस छाती पूर्ण रिकामी करतो तेव्हा फुप्फुसाच्या अगदी तळातल्या बारीक नळ्या मिटतात, आणि श्वास घेताना पुन्हा उघडतात. उघडताना त्यांच्या आतल्या ओलाव्याचे अतिसूक्ष्म थेंब उडतात आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. नवी दममापी ते थेंब धरायची आणि त्यांत काय विरघळलंय ते वाचायची. ज्या खोलीत कुठल्याच डॉक्टरला डोकावता येत नव्हतं, तिथला केर तिला घरबसल्या दिसू लागला. मग संघटनेनं नियम केला, लग्नं जुळवणाऱ्यांनी पत्रिकेबरोबर फुंकीचा कागद मागायला सुरुवात केली, आणि ज्यांच्याकडे लपवायला काही होतं त्यांची झोप उडाली.

परतीच्या वाटेवर धनाजीनं गाडी नाही, तोंड चालवलं. गाडी आपली आपण चालत होती. त्याची ती दुधाची गाडी बॅटरीवरची. दूध नासू नये म्हणून चहूबाजूंनी बंद, केबिनच्या काचाही अर्ध्याच उघडायच्या. रोज पहाटे गावोगावचं दूध गोळा करताना तो अंजूला आधी मैदानावर सोडायचा.

"कुणाच्या नादाला लागलीयास? नाव सांग फक्त."

"कुणाच्याच न्हाई."

"मग काय मशीन खोटं बोलतंय व्हय?"

तासाभरापूर्वी मशीन बिघडलंय म्हणून ओरडलेला माणूस हाच. अंजूनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं काच होती तेवढी खाली केली आणि फटीला नाक लावून बसली. लहानपणापासून ती या गाडीत अशीच बसायची. पोरीला वाऱ्याची हौस आहे, असं धनाजी सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. धनाजी सिगारेट ओढत होता. दिवसाला पाच, कधी सहा, आणि गावात हे कुणालाही माहीत नव्हतं.

अंजू सात महिन्यांची असताना तिच्या छातीत कफ दाटला होता. मिरजेच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेलं ते एवढंसं लेकरू पाहून त्याच्या बायकोनं, सारिकानं, त्याचा हात ओढून पोरीच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "शपथ घ्या." धनाजी गडी चढाईतला. सातांनी घेरल्यावर कुठल्या फटीतून निसटायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो म्हणाला, "पोरीची शपथ, उंबऱ्याच्या आत धूर आणणार न्हाई." सारिकाला वाटलं, सोडली. धनाजीला कळलं, फट सापडली.

आणि शपथ त्यानं पाळली, अक्षरशः पाळली. सतरा वर्षांत घरात काडी पेटवली नाही. तो गाडीत ओढायचा, मैदानालगतच्या बंद पडलेल्या उसाच्या वजनकाट्यामागे ओढायचा, वर वेलदोडा चघळायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. गावानं त्याला निर्व्यसनी ठरवलं. मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. दर एकतीस डिसेंबरला तो पोरांसमोर तंबाखूवर असं काही बोलायचा की चौदा पोरांनी पुड्या फेकल्या होत्या. भाषण संपलं की वजनकाट्यामागे जाऊन तो एक ओढायचा. बोलून बोलून घसा सुकलेला असायचा ना!

बुधवारी तो मिरजेला डॉक्टर नसीमा पटवेकरांकडे गेला. संघटनेची श्वासतपासणी त्यांच्याकडे होती. खुर्चीत बसल्यापासून त्याचा गुडघा हलत होता आणि बोटं खिशाशी चाळा करत होती. डॉक्टरांनी ते पाहिलं, पण त्या पडद्याकडे वळल्या.

"फुप्फुस म्हणजे उलटं टांगलेलं झाड समजा. खोड वर, फांद्या खाली. या फांद्यांच्या आतून बारीक केस असतात. ते सारखे हलत राहून कफ, धूळ वर ढकलतात. धुरानं ते केस लुळे पडतात, मग कचरा तिथंच कुजतो. टोकाच्या डहाळ्या केसाएवढ्या बारीक. धुरानं त्या सुजतात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वाट राहत नाही. वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. मुलगी कितीही पळाली तरी दम कुठून येणार?"

"पण ती ओढत न्हाई, डॉक्टर. बापाला कळतं की."

"मलाही तसंच वाटतं. ओढणाऱ्याच्या छातीत डाग वेगळे पडतात. हिच्यात थोडं थोडं, रोज, वर्षानुवर्षं साचलंय. हा दुसऱ्याचा धूर आहे. घरात कोण ओढतं?"

"घरात कुणीच न्हाई."

इतकं चटकन उत्तर त्यानं आयुष्यात कधी दिलं नसेल. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हे त्याला स्वतःशी पटवताही आलं.

"मी भिंती विचारत नाही, शेवाळे सर. घरातली माणसं विचारतेय. शेवटचा झुरका घेतला तरी छातीतून धूर येत राहतो, डोळ्यांना न दिसणारा. शर्टातून, केसांतून, गाडीच्या गादीतून दिवसदिवस उठत राहतो. माणूस सिगारेट बाहेर विझवून आत येतो. धूर विझत नाही, तो त्याच्याबरोबर आत येतो."

धनाजीनं पाणी मागितलं आणि ते तसंच ठेवलं.

"उपाय आहे का काही?"

"जोडतपासणी. ज्याचा धूर आहे त्यानं येऊन फुंकायचं. प्रत्येकाच्या धुराला त्याच्या तोंडाची, त्याच्या सिगारेटची खूण असते. दोन्ही खुणा जुळल्या की मुलगी सुटली. पण ते सर्वांसमोर, संकुलात, पडद्यावर होतं. नियम आहे." डॉक्टरांनी कागद बाजूला केले. "वेळेत आलात. तिच्यात सूज आहे, झीज नाही. सूज उतरते. झीज भरून येत नाही."

गुरुवारी दिवसभर धनाजीला एका जागी बसवलं नाही. दुधाचे कॅन त्यानं दोनदा मोजले, दोनदा चुकले. दुपारी जेवणावरून उठला, कुठं चाललात म्हणून सारिकानं विचारलं तर पुन्हा बसला. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन वाजत राहिला आणि त्यानं घेतला नाही. संध्याकाळी पाय आपोआप मैदानाकडे वळले.

अंजू एकटीच चढाई करत होती. समोर कुणी नव्हतं, तरी ती वाकून, हूल देऊन, रेषेला पाय लावून परतत होती. सवयीनं धनाजी मनात सेकंद मोजू लागला. अठराला तिचा दम तुटला. दोन वर्षं झाली, अठराच्या पुढं काटा सरकत नव्हता. 'आळशी हैस, दम वाढीव,' म्हणून त्यानं तिला कालव्याच्या कडेनं किती पळवलं होतं! आणि पळवायला आणायचा कशातून, तर त्या बंद केबिनमधून, वीस मिनिटं शेजारी बसवून. हा हिशेब त्यानं आजवर कधी मांडला नव्हता. आता मांडला.

"पोरी," त्यानं हाक मारली.

अंजूनं ओढणीनं तोंड पुसलं. "गाडीतल्या औषधाच्या पेटीत, पट्ट्यांच्या खाली पाकीट असतंय. सातवीत माझा गुडघा फुटला तवा पेटी उघडली हुती मी."

"सातवीपासनं म्हाईत हाय तुला?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? दुसऱ्याच दिवशी तुम्हाला शाल मिळाली. तुम्ही ती पांघरूनच जेवायला बसला हुता, अण्णा. आई रडत हुती आनंदानं." ती खाली बसून बुटाची नाडी सोडू लागली. "मी ठरवलंय. मीच ओढते म्हणून लिहून देते. दोन वर्षं जातील. मी परत येईन. तुमचं नाव गेलं तर ते परत यायचं न्हाई."

"गप बस."

पण ते 'गप बस' जितक्या जोरात यायला हवं होतं तितक्या जोरात आलं नाही. क्षणभर त्याला हायसं वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. आणि अंजूनं ते ऐकलं. बापाच्या आवाजातली फट पोरीला कळणार नाही तर कुणाला कळणार? ती बूट हातात घेऊन चालू लागली.

तो तसाच वजनकाट्यामागे गेला. एक पेटवली, अर्धी ओढली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, गुडघ्यांवर हात ठेवून त्यानं सुरू केलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." एके काळी तासगावच्या मैदानावर त्याचा दम चौतीस सेकंद टिकला होता. त्या चढाईत त्यानं चौघांना बाद केलं होतं. आज नऊला छाती आवळली आणि खोकल्याची अशी उबळ आली की तो काट्याच्या लोखंडी पट्टीवर बसलाच. माझा दम गेला तर गेला, तो मनाशी म्हणाला, पण मी तिचाही खात बसलोय की.

शुक्रवारी त्यानं आंघोळ केली, धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि सकाळपासून एकही ओढली नाही. देवाला निघाल्यासारखा तो निघाला. सारिकाला फक्त एवढंच म्हणाला, "चल, पोरीचं काम हाय." मंडळाची पोरंही मागनं टेम्पो करून आली. आपल्या अंजूवर खोटा आळ आलाय म्हणून ती तावातावानं आली होती. त्यांच्या घोषणा ऐकून धनाजीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संकुलात पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. त्यानं माइक मागितला नाही. आवाज तसाही मैदानावर कमावलेला होता.

"धूर माझाय," तो म्हणाला. "पोरगी ओढत न्हाई. मी ओढतो. सतरा वर्षं लपवून ओढतोय."

घोषणा थांबल्या. सारिकानं शेजारच्या खुर्चीची पाठ धरली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, अंजूकडे पाहिलं.

त्यानं नळीत फुंकलं. पडद्यावर अक्षरं आली. फुप्फुसांचं वय : चौऱ्याहत्तर. जुळणी : नमुना अपुरा.

"अपुरा म्हंजे?" तो घाबरला. "आता आणि काय कबूल करू?"

डॉक्टर पटवेकर जवळ आल्या. त्यांनाही ते बोलायला जड जात होतं. "तुमच्या छातीत जुनं इतकं साचलंय की मशीनला खूण वेगळी काढता येत नाही. तासाभरात ओढलेली हवी. नेहमीचीच, नेहमीच्या पाकिटातली."

म्हणजे आता ओढायची. इथं, या पोरांसमोर. त्यानं घड्याळ बघितलं. पावणेचार.

"गाडीत..." एवढंच तो म्हणाला, तर अंजू कधीच निघाली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात औषधाची पेटी होती. तिनं पट्ट्या उचलल्या, खालचं पाकीट काढलं आणि बापाच्या हातावर ठेवलं. सारिकानं ते पाहिलं. नवऱ्याचं खोटं पोरगी इतकी वर्षं सांभाळत होती, हे तिला त्या घटकेला कळलं आणि तिचा चेहरा उतरला. सिगारेटचं दुःख तिला नंतर झालं असेल. आधी झालं ते हे.

संकुलाच्या दाराबाहेर, 'धूम्रपान करू नये' या पाटीखाली धनाजी उभा राहिला. काडी दोनदा विझली. चौदा पोरं, ज्यांनी त्याच्या शब्दावर पुड्या फेकल्या होत्या, ओळीनं उभी राहून बघत होती. सतरा वर्षांत इतकी बेचव सिगारेट त्यानं ओढली नव्हती. प्रत्येक झुरका त्यानं पुरा घेतला, अर्धा घेऊन चाललं नसतं. मग थोटूक विझवलं आणि तो दाराशी आला.

तिथं त्याचा पाय अडला. समोर उंबरा होता. सिमेंटचा, दोन बोटं उंचीचा. हा ओलांडताना छातीत काय आहे, ते आता त्याला ठाऊक होतं, आणि बघणाऱ्या सगळ्यांनाही.

त्यानं तो ओलांडला आणि फुंकलं.

जुळणी : अठ्ठ्याण्णव टक्के. हरकत मान्य.

पाचला यादी लागली. स्वरांजली धनाजी शेवाळे, पलूस, चढाईपटू, हे अंजूचं पूर्ण नाव त्या यादीत सातवं होतं. टाळ्या झाल्या त्या अंजूसाठी. धनाजीला कुणी शिव्या दिल्या नाहीत. पोरं त्याला टाळून बाजूनं गेली, एवढंच. शिव्या परवडल्या असत्या. त्यानं प्रशिक्षकाची शिट्टी गळ्यातून काढली आणि मंडळाच्या कप्तानाच्या हातात दिली. कप्तानानं ती घेतली.

घरी आल्यावर सारिका आधी आत गेली. तो पायरीशी आला तेव्हा ती दारात आडवी उभी होती.

"उंबऱ्याच्या आत आणणार न्हाई म्हणाला हुता."

"आत कधी पेटवली न्हाई, सारिका. देवाशपथ."

"पेटवली न्हाई. आणली. रोज आणली." तिचा आवाज चढला नाही, फुटला. "छातीत घालून आणली, आणि लेकराला जवळ घेऊन झोपला."

तिनं आतून खाट ओढत आणली, अंगणात जांभळीखाली टाकली आणि वर वाकळ फेकली. डॉक्टरनं दिलेली दममापीची छोटी नळी तिनं खाटेवर ठेवली. "हिच्यात धूर दिसायचा थांबला की मग या. न्हाई थांबला तर हितंच ऱ्हावा. जेवण मी आणून देत जाईन."

तो खाटेवर बसला. हात खिशाकडे गेला, रिकाम्या खिशातून परत आला, पुन्हा गेला. अंधार पडेपर्यंत हात असाच ये-जा करत राहिला.

सकाळी सातला शिबिराची बस कोपऱ्यावर येणार होती. अंजू पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. धनाजी गडबडीनं उठून उभा राहिला. मागं सरकावं की पुढं व्हावं, त्याला कळेना. ती सरळ आली आणि वाकली.

ती वाकलेली दिसताच त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड घट्ट मिटलं.

अंजूनं पाय धरले. नमस्कार झाला तरी ती लगेच उठली नाही. "आईला तरास देऊ नका," ती खालूनच म्हणाली. त्यानं मान हलवली. "नळी रोज फुंका. मला आकडा पाठवत जावा." पुन्हा मान. ती उठली, अगदी समोर उभी राहिली, आणि तेव्हा तिला बापाचा चेहरा दिसला. तांबूस झालेला, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी. आशीर्वाद द्यायला ओठ उघडायचीही त्याची हिंमत नव्हती. ओठ उघडले असते तर आतलं तिच्या अंगावर गेलं असतं.

तिनं हे ओळखलं. ती एकदम मागं फिरली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत ती एकेक पाऊल मागं मागं गेली, चढाई करून परतणारा गडी जातो तशी, कुंपणाच्या फाटकाबाहेर पोचेपर्यंत.

"सोडा अण्णा," ती तिथून ओरडली. "गेले मी रेषेपार."

त्यानं श्वास सोडला. खोकत खोकत तो खाटेच्या कडेला टेकला.

"सतरा!" अंजू म्हणाली. ती मोजत होती. "मी परत येईस्तोवर तीस पायजेत."

बसचा हॉर्न वाजला आणि ती पळाली. धनाजीनं तोंड पुसलं, उशाची नळी घेतली आणि फुंकायला बसला.